मेहुण्याची चुकलेली कॉर्ड

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाचा, तो गिटार वाजवत असताना, साथीला बसलेल्या मेहुण्याने चारचौघांत पाणउतारा केला होता. "भावजी, कॉर्ड बदलली तरी तुमची बोटं आपली जुन्याच घरात!"

ते त्याच्या जिव्हारी लागलं. दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत लिफ्टच्या मशीनरूममध्ये बसून त्याने गिटारवर ब्लूज संगीत घोटलं. सोलो, म्हणजे एकट्याने आयत्या वेळी रचून वाजवायचा तुकडा, दर वेळी नवा; पण साथीची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा मेळ, बदलताक्षणी बोट नव्या कॉर्डच्याच सुरावर पडलं पाहिजे.

मेहुण्याच्या पन्नाशीला तो सोलोला उभा राहिला. साथीला कॉर्ड वाजवणारा मेहुणाच पाहुण्यांकडे बघून हसण्याच्या नादात कॉर्ड बदलायला विसरला. ह्याचा सूर मात्र नेमका नव्या कॉर्डवर पडला, आणि मेहुण्याची चूक अख्ख्या हॉलला ऐकू गेली. जुन्या कॉर्डच्या सुरावर परत सरकून मेहुण्याला सांभाळून घेणं सोपं होतं. त्याने तोच सूर पुन्हा, जोरात वाजवला.

"ये रे सावकाश," तो माइकवर म्हणाला, "मी नव्या घरात कधीचा येऊन बसलोय."