लोरीनचा पहिला 'हो'

लोरीन कुबियाक आणि मी क्लीव्हलंडमध्ये सव्वीस वर्षं शाळेच्या बस चालवल्या. निवृत्त झाल्यावर माझे गुडघे गेले आणि तिला बाजाराचा नाद लागला. बाजार फोनवरचा. बेसबॉलच्या पहिल्या पाच डावांत दोन्ही संघांच्या मिळून पाचपेक्षा जास्त धावा होतील का, एवढाच प्रश्न. त्यावर 'हो' किंवा 'नाही'चे करार विकत घ्यायचे. भाव सेंटांत, खरं ठरलं की एकेका कराराचा एक डॉलर, खोटं ठरलं की शून्य.

लोरीन कायम 'नाही' घ्यायची.

"अगं, कधीतरी 'हो' घेऊन बघ," मी चिडवायचे. "लोक धावा बघायलाच येतात ना!"

"पिचरच्या वाइटावर पैसे लावू? माझ्याच्यानं नाही होत."

कारण मला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ डॅरिल उजव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर होता. एक्क्याऐंशी साली एका छोट्या व्यावसायिक संघाकडून तो पहिल्यांदा उतरला. पहिल्याच डावात त्याला सात धावा पडल्या आणि कोपर कायमचं निकामी झालं. त्या सकाळी नाश्त्याला त्याने अंड्यांची प्लेट डाव्या हाताने ओढली होती. लोरीनने विचारलं, तर म्हणाला, "कोचला बोललीस तर याद राख, लोरी." ती बोलली नाही. डॅरिल पुढे गोदामात लागला, प्यायला लागला, बेचाळिसाव्या वर्षी गेला.

गेल्या मे महिन्यात आम्ही दुपारचा सामना बघायला गेलो. जागा कठड्यालगतच्या. पाहुण्या संघाचा नवा पिचर समोरच हात मोकळा करत होता. तीन-चार चेंडू टाकले की कोपर मांडीवर घासायचा, हळूच, कुणाला दिसू नये असं. लोरीन हातातला हॉट डॉग तसाच धरून बघत राहिली.

"ग्वेन, डॅरिल असंच करायचा."

"सगळेच करतात. खा ते, गार होतंय."

तिने फोन काढला. मला वाटलं, नेहमीचंच.

पहिल्याच डावात त्या पोराला सहा धावा पडल्या. मग एक चेंडू भलतीकडेच गेला आणि तो कोपर पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला. लोरीनच्या मांडीवरचा फोन उजळला. मी वाकून पाहिलं. तिने 'हो' घेतलं होतं. एक-दोन नाही, पाचशे.

"मी पुन्हा तोंड मिटून बसले," ती म्हणाली. "आणि या खेपेला वर पैसेही घेतले."

त्यानंतर डॅरिल यायला लागला.

"स्वप्नात नाही गं. स्वयंपाकघरात. सकाळी टेबलाशी बसतो. बोलत काहीच नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

मी तिला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या दिल्या त्यांनी. एकदा सकाळी मी अचानक गेले, तर टेबलावर दोन प्लेटा होत्या आणि दोन्हींतली अंडी गार झालेली.

जुलैत मीच तिला ओढून सामन्याला नेलं. माझी चूक. या वेळी आपल्याच संघाचा पिचर कोपर घासताना दिसला. लोरीन ताडकन उठली, कठड्यापाशी गेली आणि ओरडली, "अहो कोच! थांबवा त्याला! हात दुखतोय त्याचा!"

"आजी, बिअर बेताने घ्या!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. ती ओरडतच राहिली. शेवटी रखवालदारांनी आम्हा दोघींना बाहेर काढलं.

गाडीत बसून आम्ही रेडिओ लावला. त्या पिचरने पाच डाव टाकले. एकही धाव नाही. समालोचकाला कौतुकाला शब्द पुरेनात.

मला वाटलं, लोरीन सुटकेचा श्वास टाकेल. पण तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे मला ओळखता येतच नाही," ती म्हणाली. "मग डॅरिलच्या वेळी तरी मला नक्की कुठे कळलं होतं?"

"तेच तर मी इतकी वर्षं सांगतेय," मी म्हणाले.

पण ती माझ्याशी बोलत नव्हती. तिची नजर आरशातून मागच्या सीटवर होती. मी वळून पाहिलं नाही.

फोनवरच्या बाजाराचं खातं तिने त्याच आठवड्यात बंद केलं. डॅरिल अजून येतो, रोज नाही. माझ्याकडे सामना लागला की पहिले पाच डाव ती परसात टोमॅटोंना पाणी घालते. सहावा सुरू झाला की मी खिडकीतून हाक मारते, आणि ती हात पुसत आत येते.