झाकण उघडू नका म्हटलं होतं

थोरले दीर गेले ते ऐन एप्रिलात. त्यांची एकुलती एक लेक परदेशात, एका प्रयोगशाळेत नोकरीला. तिला यायला दोन दिवस लागणार, म्हणून नारायणगावहून शवपेटी आणून अंगणात ठेवली. वर काच, खाली मशीन, फ्रिजसारखी घरघर. जाऊबाई आधीच गेलेल्या, तेव्हा सगळं माझ्यावरच. पोरीला मी फोनवर सांगितलं, "बापाचं तोंड तुला नीट दिसंल, तू ये."

आता तोंड काचेतून दिसत होतंच की! पण आपल्याकडं मयताच्या तोंडात पाणी घातल्याबिगर आल्यासारखंच वाटत नाही कुणाला. आला पाव्हणा की उचल झाकण, घाल चमचाभर पाणी. बाहेर अंगण तव्यासारखं तापलेलं, ती हवा दर वेळी आत.

सगळ्यांत पुढं दिरांचे मावसभाऊ. गालात तंबाखूचा बार धरलेला, आणि त्याच बोटांनी मयताचे ओठ पुसायचे.

"भाऊ, झाकण उघडू नका. लेक यायचीय अजून."

"वहिनी, गारवा कमी झाला तर काटा खाली घ्यायचा. टाका मायनसमधी, पार खाली! मशीन मग कशाला हाय?"

चारजण हसले. मयताच्या अंगणात!

पार खाली म्हणजे काय, ते मला त्या पोरीनंच सांगितलेलं. तिचं कामच ते, वस्तू गार करत करत, बर्फाच्या शून्याच्याही खूप खाली, शेवटच्या शून्याजवळ न्यायच्या. त्याच्या खाली थंडीच नाही म्हणे. मी शाळेत फार गेले नाही, पण खोदून विचारायची खोड भारी. एकदा फोनवर म्हटलं, "येवढाली मशीनं तुमची, मग पोचत का न्हाई गं तिथवर?"

"काकी, थंडी आत भरता येत नाही, ऊब बाहेर काढावी लागते. आणि ऊब जाते ती आपल्यापेक्षा गार वस्तूकडंच. त्या शून्यापेक्षा गार आणायचं काय?"

मला दह्याचं गाडगं आठवलं. विसळलं की निम्मा वास जातो, परत विसळलं की उरलेल्यातला निम्मा. पार काही जात नाही. तिला सांगितलं तर म्हणाली, "अगदी तसंच! शेवटची चिमूटभर ऊब काढताना जीव जातो, आणि तेवढ्यात कुठून तरी नवी आत शिरते. तारेतून, भिंतीतून, नुसत्या उजेडानंसुद्धा."

तिथं उजेडाची धास्ती, आणि इथं मावसभाऊ एका हातानं झाकण वर धरून टोमॅटोच्या बाजाराच्या गप्पा मारत होते.

मग मी पेटीला टेकूनच बसले. लगेच टोमणा आला, "वहिनी मयताला पाणी बी पाजू देईनात, काय राव!" पण बाईमाणूस किती बसणार? आत चहा टाकायला गेले की उघडलीच पेटी. दुसऱ्या दिवशी दुपारी काच आतून घामेजली. काही दिसेना. वासही सुटला, आधी गोडसर, मग सडका.

लेक आली. तिनं ओढणीनं काच पुसली, पण पाणी आतल्या बाजूला. एकदा काट्याकडं बघितलं, एकदा झाकणाच्या रबराकडं, ते एका कडेनं निघून लोंबत होतं.

"काकी, किती वेळा उघडली?"

मी ते लोंबतं रबर बोटानं परत आत दाबू लागले.

"उघडू का मी?"

दोन दिवसांत एवढं विचारणारी ती पहिलीच. म्हटलं, "उघड, बाई."

झाकण उचललं आणि सगळं अंगण मागं सरकलं. मावसभाऊ तर थेट फाटकाला. तिथून म्हणतात, "चला, उरका आता! बॉडी टिकायची न्हाई."

ती खाली वाकली. गाल सुजलेले, ओठ काळे पडलेले. मग हळूच मला विचारलं, "काकी, हे बाबाच ना गं?"

मी मान डोलावली. फाटकाकडं बघितलं तर जेवढ्यांनी पाणी पाजलं होतं, तेवढ्यांचे रुमाल नाकाला होते.