लाकडाच्या डेपोतला इतिहास

गडचिरोलीजवळच्या एका शाळेत मी मास्तर होतो आणि इतिहास घेऊन बाहेरून एम.ए. करायचं मनाने घेतलं होतं. त्या वर्षी दुसरे मास्तर आजारी पडून गावी गेले, सगळे वर्ग माझ्या गळ्यात आले. परीक्षा तोंडावर आली तरी निम्मा अभ्यास तसाच पडून होता.

जंगल खात्याच्या सागवान डेपोतले एक कारकूनही त्याच परीक्षेला बसणार होते. तिथलेच, माझ्याहून बरेच मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायचो. चांद्याहून आणलेली पुस्तकं दोघांत मिळून एकच संच. एकदा तेच म्हणाले, "मास्तर, अख्खं वाचनं आपल्याच्यानं होत नाई. अर्धं तुमी वाचा, अर्धं मी. मंग एकमेकाले सांगू."

ऐकीव माहितीवर कुठे एम.ए. होतं का, असं मला वाटलं. पण दुसरा उपाय नव्हता. मोहफुलांचे दिवस होते. पोरं पहाटेच आईबापांबरोबर फुलं वेचायला जात आणि शाळेत उशिरा येत. एरवी मी चिडायचो. त्या वर्षी तेवढा वेळ डेपोत जाऊन बसू लागलो. ओंडक्यांवर बसून मी त्यांना फ्रेंच राज्यक्रांती सांगे, ते मला पेशवाईची अखेर.

मी पुस्तकातलंच बोलायचो. त्यांचं तसं नव्हतं. सरदार पेशव्यांना का जुमानेनासे झाले, ते मला नीट उमजेना, तेव्हा म्हणाले, "आपल्या इथले जमीनदार पाहा ना. राजाचा मानूस येत राह्यला तवरी वाकतात. तो येनं बंद झाला का गढीतच दरबार भरते. त्याइले वाईट म्हनू नका. दूरच्या मालकाची कोन वाट पायते?"

परीक्षेच्या दिवसांतच लाकडाचा लिलाव ठरला आणि डेपोच्या साहेबांनी भाऊंची रजा नामंजूर केली. तरी मला पोचवायला ते वैनगंगेपर्यंत आले. त्यांच्या वाट्यातलं इंग्रजांशी झालेलं शेवटचं युद्ध सांगायचं राहिलं होतं. पात्रातल्या वाळूतून चालताना ते सांगत होते आणि माझं लक्ष लागत नव्हतं.

"तुम्ही साहेबांना पुन्हा एकदा विचारायचं होतं, भाऊ."

"ते जाऊ द्या. पेंढारी कुठवर सांगतले होते मी?"

मूल गावाहून छोट्या रेल्वेने मी नागपूरला गेलो. पेपरात पेशवाईवरच मोठा प्रश्न होता. भाऊंचे जमीनदार आणि त्यांच्या गढ्या इंग्रजीत उतरवताना माझी बरीच ओढाताण झाली, पण लिहिताना हात थांबला नाही.

मला सेकंड क्लास मिळाला. सांगायला गेलो तर भाऊ म्हणाले, "काय लिवलं ते पहिल्यापासून सांगा." डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. मध्येच एका ठिकाणी अडवलं, "हे मी नव्हतं सांगतलं."

"ते माझं आहे."

"बरं हाय," ते म्हणाले, "पुढे सांगा."

पुढल्या साली त्यांना रजा मिळाली. थर्ड क्लासमध्ये पास झाले. मलाच वाईट वाटलं, त्यांना नाही. आता तरी साहेबांनी बढती द्यावी, एवढंच ते म्हणाले. ती मिळायला आणखी काही वर्षं गेली. तोवर माझी बदली चांद्याला झाली होती, आणि पेढे घेऊन ते माझ्या घरी आले.