भोक मी पाडलं होतं

माझं शिक्षण चौथी, तीही नापास. पण नुसतं ऐकून इंजिनाला पेट्रोल जास्त होतंय का कमी, हे मी पन्नास वर्षं सांगत आलो आणि कधी चुकलो नाही. म्हणजे मागच्या वैशाखापर्यंत.

तळोद्याहून वर पाड्यांपर्यंत सीटा वाहणारी एक जुनी पेट्रोल जीप आहे. तिचं इंजिन गेलं. मालक स्वतःच ड्रायव्हर. त्याने भंगारात निघालेल्या कारचं इंजिन आणलं आणि मी ते बसवलं. पण हे इंजिन कार्बोरेटरवालं नव्हतं. त्याला कॉम्प्युटरचा डबा लागतो, आणि त्या डब्याला किती पेट्रोल द्यायचं ते शिकवावं लागतं. माझा जावई सुरतेला हेच काम करतो. तो मुलीला घेऊन आठ दिवस आला होता, त्याला मी या कामाला लावलं.

त्याने मला समजावलं. हवा तापली की विरळ होते. इंजिनाने घोट तेवढाच घेतला तरी त्यात हवा कमी येते, म्हणून पेट्रोलही कमी करायचं. हवा किती तापली ते सांगायला अंगठ्याएवढा एक सेन्सर, आणि लॅपटॉपमध्ये तक्ता. इतकी डिग्री झाली की इतकं कापायचं. मला यात नवं काही नव्हतं. उन्हाळ्यात कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आत घ्यायचा, हे तो जन्मायच्या आधीपासून मी करतोय.

सेन्सर कुठे बसवायचा, एवढंच त्याने विचारलं.

"मामा, फिल्टरजवळना रबरी पाइपमा बसाडूत का?"

"रबरमा आटे टिकतस का, जवाईबापू? धातूमा बसाडू. पक्कं काम."

हवा आत नेणाऱ्या, इंजिनाला चिकटलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीत मी स्वतः ड्रिल मारलं, आटे पाडले. त्याने सेन्सर हातात उलटसुलट केला, मग म्हणाला, "तुम्ही म्हनतस तसं." आमच्याकडे सासरा जावयाला अरे म्हणत नाही, आणि जावई सासऱ्याला नाही म्हणत नाही.

जीप घाटात दोनदा बंद पडली. स्टँडवर बाकीचे ड्रायव्हर दात काढायला लागले.

"सासरा डॉक्टर, जावई डॉक्टर, तरी पेशंट घाटमा मरस!"

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर बोलून बसलो, "उद्या मी सोता गाडीमा बठसू. बंद पडनी ते पाना खाले ठेवी देसू. जलमभर उचलाव नही."

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. पुढच्या सीटवर चार जण. मी मधे, गिअरचा दांडा माझ्या दोन्ही गुडघ्यांत. ड्रायव्हरने पहिला टाकला की माझा गुडघा जावयाच्या मांडीत घुसायचा, आणि तो मांडीवरचा लॅपटॉप सावरायचा. मागे माणसं ठासलेली, टपावर पत्रे बांधलेले. पायाखालून इंजिनाची आग येत होती. हलायला जागा नाही आणि उतरायला तोंड नाही.

चढ लागला तसा लॅपटॉपवरचा आकडा वर जायला लागला. अक्षर मला जड जातं, पण आकडा कळतो. बावन्न, साठ, एकोणसत्तर. बाहेर ऊन कितीही असलं तरी हवा एवढी तापत नाही. जावई तक्त्यात काहीतरी बदलत होता. इंजिन अन्नाला महाग झाल्यासारखं करायला लागलं. वळणावर दोन आचके दिले आणि बंद.

एका बाजूला कडा दाराला लागलेला, दुसऱ्या बाजूला दरी. ड्रायव्हर उतरल्याशिवाय मला उतरता येईना. त्याने चाकाखाली दगड लावला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "मामा, तुमनं काम बराबर शे. हाऊ लॅपटॉपच घोळ करी ऱ्हायना."

जावई माझ्या शेजारीच होता. मी ड्रायव्हरच्या दाराने खाली उतरलो.

जुन्या गाड्यांत इंजिनाजवळचा पेट्रोल ओढणारा पंप तापला की त्यावर ओलं फडकं टाकायची माझी सवय. डोक्याचा रुमाल भिजवला, बॉनेट उघडलं, आणि जिथं सगळ्यात जास्त धग लागली तिथं टाकला. ती जागा सेन्सरचीच होती. केबिनमधून जावई ओरडला, "मामा, आकडा खाले उना! अडतीस!" ड्रायव्हरने चावी फिरवली. एका हाकेत चालू. मागची माणसं टाळ्या पिटायला लागली.

मी मात्र बॉनेटला हात लावून उभाच राहिलो. हवा तर तीच होती. थंड झाला तो फक्त धातू. सेन्सर हवा मोजतच नव्हता, मी पाडलेल्या भोकातून इंजिनाची धग मोजत होता, आणि डबा त्याचं ऐकून बिचाऱ्या इंजिनाला उपाशी ठेवत होता. जावयाने काचेतून माझ्याकडे पाहिलं. त्याला आधीपासून माहीत होतं. त्याने मान खाली घातली.

पुन्हा त्या दोघांच्या मधे बसलो. रुमाल वाळेल तसा थांबून भिजवत जायचो. वर जाईपर्यंत आणि खाली येईपर्यंत ड्रायव्हरचं एकच, "म्हातारानं डोकं चालस! लॅपटॉपले काय समजस?" प्रत्येक वाक्य जावयाला लागत होतं. तोंड उघडलं की सुटलो असतो. नाही उघडलं.

घाटातलं जावयाने घरी सांगितलं असावं. संध्याकाळी मुलीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"आबा, भोक कोनी पाडं?"

"मी."

"मंग स्टँडवर काबर सांगं नही? तुमना जवाई ते सांगाव नहीत. तुम्ही मामा शेतस त्यासना."

सकाळी स्टँडवर गेलो आणि सांगितलं, चूक माझी. तर सगळे हसले. "जावईनी अब्रू झाकी ऱ्हायना मामा!" जावई सोबत होता, तो पुढे होऊन म्हणतो, "नही नही, मन्हा तक्ताच चुकना व्हता."

"जवाईबापू, खोटं बोलू नका!" मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडलो. लोक आणखी हसले. एक दिवस गप्प बसलो, तेवढ्यात माझं खरं खोटं होऊन बसलं.

मग आम्ही सेन्सर रबरी पाइपमध्ये नेला आणि माझ्या भोकात बोल्ट आवळला. जावयाने तक्ता नव्याने भरला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी जीप घाट चढली, आकडा हवेच्या बरोबर राहिला, इंजिन एकदाही अडखळलं नाही. परत आल्यावर मी माझा बारा-तेराचा पाना सगळ्यांसमोर बॉनेटवर ठेवला.

"परनदिन गाडी बंद पडनी व्हती. बोली ती बोली."

"पन चालू भी तुम्हीच करी ना, मामा!" ड्रायव्हर म्हणाला.

"फडकं मन्हं, भोक भी मन्हंच."

तेव्हा कुणी हसलं नाही.

वर्ष झालं. रोज शटर उघडतो, स्टुलावर बसतो, हात मांडीवर. कुणी विचारलं तर ऐकून सांगतो, हात लावत नाही. मुलगी म्हणते, आबा, पुरे झालं आता. पुरे कसं होईल, मीच बोललो होतो.

ती जीप दुकानापुढून जाते. परवा ऊन चढल्यावर गेली तेव्हा तिचा आवाज मला जरा जाड वाटला. पेट्रोल किंचित जास्त होतंय, तक्त्यात वरच्या डिग्रीला आणखी थोडं कापायला हवं. जावयाला फोन करायचा आहे. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तो म्हणेल, "हो मामा." आणि मला कळणार नाही, मी बरोबर आहे, का तो फक्त नाही म्हणत नाही.