हळदीच्या व्हिडिओत सापडलेला आवाज

मंडळी, काल इथे विचारलं होतं ना, कॅमेऱ्यातलं शूटिंग कॉम्प्युटरवर एडिटिंगला घेतलं की चित्र येतं पण आवाज येत नाही? आज आवाज आला.

तुमच्यातल्याच एकाने सांगितलं तसं केलं. आमच्या कॅमेऱ्याचा आवाज त्या सॉफ्टवेअरला वाचता येत नव्हता. तो वेगळा काढला, त्याची वेव्ह फाइल केली आणि चित्राखाली जोडली.

शूटिंग धाकट्या बहिणीच्या हळदीचं. कुवेतला असलेल्या भावाला सुट्टी मिळाली नव्हती. त्याच्यासाठीची सीडी उद्या कुवेतला निघालेल्या, आमच्या मांडवीतल्या एका शेजाऱ्याबरोबर जायची आहे. मुकी गाणी कशी पाठवणार?

दुपारी सगळ्यांना बोलावून व्हिडिओ लावला. बायकांची गाणी सुरू झाली, आणि त्यांच्याही वर एक पुरुषी आवाज, अगदी जवळून, ओळ न ओळ बरोबर गाणारा. हळदीच्या दिवशी कॅमेरा अब्बांच्या हातात होता. जन्मभर बोटीवर नोकरी केलेले अब्बा घरात मोजकंच बोलतात. गाताना आम्ही त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

अम्मीने विचारलं, "तुम्हाला ही बायकांची गाणी कुठून येतात?"

"तुझ्या हळदीला अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे उभा राहून ऐकली होती," अब्बा खाली बघत म्हणाले. मग मला म्हणाले, "माझा आवाज काढून टाक."

"हात लावू नकोस त्याला," अम्मी म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

अख्ख्या व्हिडिओत अब्बा एकदाही दिसत नाहीत, पण सीडी तशीच जाणार आहे. तुमच्या घरी शूटिंग करणारा माणूस कधी नीट ऐकलाय का?