सभेतली गोष्ट सभेतच

आमच्या गावचा मास्तर चिंचेच्या फोकेनं मारायचा. हातावर मारलं तर पोरांना दुसऱ्या दिवशी विळा धरता येत नाही, म्हणून मायबापांनीच त्याला सांगून ठेवलं होतं की पोटऱ्यांवर मारत जा. म्हणून सालेकशाकडच्या जंगलात राहून शिकायची एक शाळा निघाली आहे आणि तिथं मारत नाहीत, असं मामानं सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मामाचं गाव त्याच बाजूला होतं. बाबांनी मला तिथं पाठवलं ते वेगळ्याच कारणानं. तिथं शेती शिकवतात असं त्यांनी ऐकलं होतं. आमचं घर केशोरीकडचं, धानाचं. पणजोबाच्या वेळचा तलाव अजून गावाला पाणी देत होता, आणि बाबांच्या मते शिकण्यासारखं जे काही होतं ते पाणी आणि माती यांतच होतं.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमचा जिल्हा भंडारा होता आणि राज्याचा कारभार नागपुरातून चालायचा.

शाळेला भिंती नव्हत्या. मोहाच्या झाडांखाली वर्ग भरायचे. झोपायला बांबूच्या तट्ट्यांची लांब झोपडी होती. सकाळी अंगण झाडायचं, नाल्यावरून पाणी आणायचं, मग धडे, दुपारी सूतकताई आणि भाजीच्या वाडीत काम. गुरुजी वर्धेकडचे, पस्तिशीचे, आवाज कधीच न चढवणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही जेवलात का?" माझ्यामागं कोणी मोठा माणूस उभा असेल असं वाटून मी वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

दर शनिवारी संध्याकाळी सगळे गोल करून बसत. याला सभा म्हणत. शाळेचे नियम या सभेत ठरायचे, हात वर करून. वाडीचं फाटक उघडं टाकायचं नाही. न सांगता कुठं जायचं नाही. ताटात अन्न टाकायचं नाही. नियम मोडला तर काय करायचं हेही पोरंच ठरवत. दोन नियम मात्र गुरुजींनी स्वतः मांडले होते. कोणी कोणावर हात उचलायचा नाही. आणि सभेत जो खरं बोलेल, त्याची गोष्ट सभेतच राहील, बाहेर जाणार नाही. हे दोन नियम मंजूर होताना मी हात इतका उंच केला की शेजारची पोरं हसली.

माझ्या शेजारी झोपणारा सोबती जवळच्याच गावचा गोंड पोरगा होता. त्याच्या बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं. दिवाळीनंतर पलीकडच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरली, तिथं ती येणार असं त्याला कळलं, आणि त्याचं जेवणातून लक्ष उडालं. मंडईच्या दिवशी दुपारी वाडी राखायची पाळी आमच्या दोघांची होती.

"विचारून पाहू गुरुजीले," मी म्हटलं.

"नाही म्हणतीन," तो म्हणाला. "जाऊन येऊ. कोणाले समजते?"

आम्ही गेलो. त्याच्या बहिणीनं आम्हा दोघांना फुटाणे घेऊन दिले, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि रडली. तिथं मला मामाच्या गावचा एक माणूसही भेटला. "तू येथी काऊन?" असं त्यानं विचारलं, मी काहीतरी बोलून सटकलो. परत आलो तेव्हा वाडीत गायी होत्या. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, काही उरलं नव्हतं. फाटक आम्हीच उघडं टाकलं होतं.

शनिवारच्या सभेत गुरुजी म्हणाले, "वाडी कशी गेली, हे ज्याला माहीत असेल त्यानं सांगावं. सभेतली गोष्ट सभेतच राहील, हे तुम्हाला ठाऊक आहे."

सोबती मान खाली घालून बसला होता. मी उठलो आणि सगळं सांगितलं. मंडई, फाटक, फुटाणेसुद्धा. मग तोही उठून माझ्या बाजूला उभा राहिला. पोरांनी ठरवलं की वाडी आम्ही दोघांनी नव्यानं लावायची आणि कुंपणही नवं बांधायचं. गुरुजी म्हणाले, "आज तुम्ही सभेची शान राखलीत." मी पळत गेलो असतो घरी, बाबांना हे सांगायला.

बांबू चिरून आम्ही कुंपण बांधलं. वाफे केले, रोपं लावली. कमरेचा काटा ढिला झाला, पण मन हलकं होतं.

वाफ्यांना पाणी घालत असताना एका सकाळी बाबाच आले. धान कापणी ऐन भरात असताना, गोंदियाला गाडी बदलून, स्टेशनपासून पायी. मला पाहताच त्यांनी पिशवी खाली ठेवली, नव्या कुंपणातली बांबूची एक कमची ओढून काढली आणि मारायला सुरुवात केली.

"म्या वावर टाकून आलो! शिकाले पाठवलं का मंडई पाहाले?"

पोरं जमली. त्यांनी त्या शाळेत असं काही पाहिलं नव्हतं. सोबती धावत गुरुजींकडे गेला. गुरुजी झोपडीच्या ओसरीवर चरख्याशी बसले होते. ते उठले, खांबाजवळ आले आणि उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ते आता म्हणतील की इथं हात उचलत नाहीत, असं मला प्रत्येक फटक्याला वाटत होतं. कमची मोडली तेव्हा ते म्हणाले, "पुरे आता, बाबा. पाणी घ्या."

बाबा पाणी प्यायले आणि दुपारच्या गाडीनं परत गेले.

मंडईत भेटलेल्या त्या माणसानं मामाला सांगितलं असेल आणि मामानं बाबांना, असं मी धरून चाललो. हिवाळ्यात मामा मला भेटायला दोनदा शाळेत आला. मी त्याच्याशी धड बोललो नाही. त्यानं आणलेले लाडू सगळे पोरांना वाटून टाकले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बाबांबरोबर माती टाकताना ते म्हणाले, "मामा सांगत होता, तू बोलत नाहीस म्हणून. काऊन?"

"त्यानंच चुगली केली ना तुमच्यापाशी."

बाबांनी फावडं थांबवलं. "मामानं कायले चुगली करावी? तुह्या गुरुजीचाच निरोप होता. मी गेलो तं आधी त्याच्यापाशीच गेलो. तो म्हणे, आमचे हात नियमानं बांधले आहेत, तुमचे तर मोकळे आहेत."

मी टोपली भरून घेतली आणि पाळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रिकामी केली. तिकडंच बराच वेळ बसून राहिलो. मार खाल्ला त्या दिवशी मला एवढं लागलं नव्हतं.

शाळा उघडल्यावर मी गुरुजींना गाठलं. ते मोहाखाली पाटी पुसत होते.

"गुरुजी, बाबांले तुम्ही बलावलं होतं?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. "वडिलांना अंधारात ठेवणं योग्य नव्हतं," ते म्हणाले. "आणि तुम्हाला थोडा धाक हवा होता. मी हात उचलला नाही. सभेचा नियम मी मोडला नाही."

"गोष्ट बाहेर जाणार नाही, हाही नियमच होता."

त्यावर ते पाटी पुसत राहिले.

पावसाळ्यात तांदळाच्या कोठीचं झाकण उघडं राहिलं आणि तांदूळ भिजला. सभेत गुरुजींनी तेच शब्द उच्चारले. पहिल्या वर्षाचा एक पोरगा चुळबुळ करत उठायला लागला. मी त्याच्या आधी उठलो.

"गुरुजी, याच्या घरी निरोप जाईन का?"

"खाली बसा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

बसलो नाही. बाबांनी पाळीवर सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. तो पोरगा खाली बसला आणि त्यानं तोंड उघडलं नाही. तांदूळ कोणामुळं भिजला हे त्या सभेत ठरलंच नाही. त्यानंतरच्या शनिवारीही कोणी काही बोललं नाही. पुढं गुरुजींनी सभा घेणं बंद केलं आणि हजेरी सुरू केली. मला कसलीही शिक्षा झाली नाही. वर्षभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले, तेही नीट, आदरानं.

वर्ष संपल्यावर मी गोंदियाच्या शाळेत जातो असं बाबांना कळवलं. त्यांनी कारण विचारलं नाही. निघताना सोबती माझी पेटी डोक्यावर घेऊन पुढं झाला. गुरुजी वाटेत उभे होते.

"माझ्यावर राग आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या पाया पडलो, कारण तसं करायची सवय होती. मग सोबती आणि मी जंगलातून स्टेशनकडे निघालो. गाडीला उशीर होता. सोबती फलाटावर माझ्याजवळ बसून राहिला, त्याच्या बहिणीला मुलगा झाल्याचं सांगत.