गिअरबॉक्समधला भुसा

दुष्काळाच्या साली मी काष्टीजवळच्या एका दवाखान्यात नर्स होते. बाळंतपणात अडलेल्या बायांना श्रीगोंद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला एकच जीप होती. तिचा गिअरबॉक्स इतका घरघरायचा की मी ड्रायव्हरांना दरडावलं, "तो आवाज आधी बंद करा." दोन दिवसांत जीप गुपचूप चालू लागली. मी त्यांना शाबासकीही दिली.

महिन्याभराने एका अडलेल्या बाईला घेऊन निघालो, तर चढावर जीप थांबली. इंजिन चालू होतं, पण चाकं फिरेनात. शेवटी बैलगाडी आणली. बाई वाचली, मूल गेलं.

मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडला. काळ्या तेलात लाकडाचा भुसा आणि गिअरचे तुटके दात निघाले.

"ही कुनाची अक्कल?"

"बाई म्हनल्या, आवाज बंद करा. भुशानं आवाज दबतो," ड्रायव्हर म्हणाले.

"आवाज दबला, झीज न्हाई थांबली. जीप बोंबलत हुती, तुमी तिचं तोंड दाबलं."

ड्रायव्हरांनी माझ्याकडे पाहिलं.

नव्या गिअरसाठी मी त्याच दिवशी वर अर्ज केला. कारण लिहिलं, 'जुनी झीज'. भुशाचं लिहिलं नाही. दोन वर्षांनी माझी बदली झाली, तेव्हाही गिअर आला नव्हता; जीप मिस्त्रीच्या दारातच उभी होती.